विमानाच्या टाकीत वीस टक्के इथेनॉल नको

हँगरच्या खिडकीत आम्ही काचेची एक उभट बरणी ठेवायचो. बाहेरून ऑइलपेंटने दोन रेघा मारलेल्या. खालची दहाची, वरची एकशे दहाची. खालच्या रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यावर वरच्या रेघेपर्यंत पेट्रोल ओतायचं, झाकण घट्ट लावून बरणी खळखळून हलवायची आणि दहा मिनिटं निवांत ठेवून द्यायची. पेट्रोल निव्वळ असेल तर पाणी खाली बसतं आणि बरोबर दहाच्या रेघेला टेकतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पेट्रोलची संगत सोडून पाण्याला जाऊन मिळतं आणि खालचा थर रेघ ओलांडून वर चढतो. पूर्वी पंपावरचं पेट्रोल घेतलं की तो थोडा चढायचा. आज त्याच पंपावरून डबा भरून आणला तर तिशीच्या आसपास जातो.

छोट्या विमानांच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून एक मागणी मांडतो आहे. पेट्रोलवर उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी इथेनॉल आणि शिसे या दोन्हींविना पेट्रोल धावपट्टीवर मिळालं पाहिजे. ते कुठून आलं, कधी तपासलं आणि कोणी तपासलं, हे टाकी भरणाऱ्या प्रत्येकाला बघता आलं पाहिजे. कारणं मुद्द्यांनी देतो.

१. आधी कोणत्या विमानांबद्दल बोलतो आहे ते

मुंबईहून दिल्लीला नेणारं विमान पेट्रोलवर उडत नाही. त्यात एटीएफ असतं, म्हणजे खूप काटेकोरपणे शुद्ध केलेलं रॉकेलच. पेट्रोल लागतं ते पिस्टन इंजिनाच्या विमानांना. वैमानिक होऊ पाहणारी मुलं ज्यावर शिकतात ती सेसना १५२ आणि १७२ यांसारखी विमानं, हौशी लोकांची मायक्रोलाइट, आणि एनसीसीच्या हवाई तुकड्यांचं पिपिस्ट्रेल व्हायरस एसडब्ल्यू ८०. यांतल्या पारंपरिक सेसनांना विमानांसाठीचं खास पेट्रोल लागतं, एव्हगॅस १०० एलएल. मायक्रोलाइट आणि पिपिस्ट्रेलच्या नाकात मात्र बहुधा रोटॅक्स ९१२ जातीचं इंजिन असतं, आणि ते मुळात मोटारीच्या चांगल्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच बनवलेलं आहे. या दुसऱ्या गटाची आज सगळ्यात जास्त कोंडी झाली आहे.

२. मोटारीचं पेट्रोल विमानात घालणं हा जुगाड नव्हे

‘विमानात पंपावरचं पेट्रोल घालता?’ असं विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर धास्ती दिसते. पण याला चाळीस वर्षांहून जास्त इतिहास आहे. अमेरिकेत ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेने सेसना १५० वर पद्धतशीर चाचण्या घेतल्या आणि १९८२ साली मोटारीचं पेट्रोल वापरण्याची अधिकृत मान्यता मिळवली. कारण साधं होतं. ती जुनी, कमी दाबाची इंजिनं ८० ऑक्टेनच्या विमान-पेट्रोलसाठी घडवलेली होती. ते पेट्रोल बाजारातून जात चाललं आणि त्याच्या जागी जास्त शिशाचं १०० एलएल आलं. त्या शिशाने या इंजिनांचे प्लग धरायला लागले. मोटारीचं पेट्रोल त्यांना जास्त मानवत होतं.

त्या मान्यतेला दोन अटी होत्या, आणि आजच्या आपल्या प्रश्नाची किल्ली त्या अटींतच आहे. पहिली अट म्हणजे इंजिनाची आणि विमानाच्या सांगाड्याची मान्यता वेगवेगळी असली पाहिजे. इंजिनाला पेट्रोल चाललं म्हणून टाकी, नळ्या, पंप आणि इंजिनापर्यंतची चढण या सगळ्यांना ते चालेलच असं नाही. दुसरी अट, पेट्रोलमध्ये अल्कोहोल अजिबात नको.

३. इथेनॉल टाकीत नेमकं काय करतं

इथे थोडं थांबतो, कारण ‘माझी गाडी तर व्यवस्थित चालते’ हे उत्तर मी शंभर वेळा ऐकलं आहे. गाडी चालते, खरं आहे. पण गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते.

विमानात पेट्रोलचा पहिला शत्रू पाणी. पावसात पंखावरच्या झाकणाचं रबर जुनं झालं की पाणी टाकीत झिरपतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते आणि थेंब खाली उतरतात. म्हणूनच टाकीच्या सगळ्यात खालच्या भागाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. रोज पहिल्या उड्डाणाआधी, आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर, तिथून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे ते कपाच्या तळाशी पाऱ्यासारखं गोळा होऊन थरथरताना दिसतं. दिसलं की पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं, निव्वळ पेट्रोल येईपर्यंत. विद्यार्थ्याला विमानाची ओळख करून देताना हे आम्ही सगळ्यात आधी शिकवायचो.

इथेनॉल या तपासणीचा अर्थच काढून घेतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी असेल तर ते त्याला स्वतःत विरघळवून घेतं. कपात एकच थर दिसतो, काचेसारखा स्वच्छ. पाणी अडवणारी गाळणी लावा, तीही काही अडवत नाही, कारण ती फक्त सुटं पाणी अडवते. पाणी टाकीत असतं, फक्त दिसत नाही.

मग विमान वर जातं. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. थंड पेट्रोलमध्ये पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. जमिनीवर जे एकजीव होतं ते वर फुटू शकतं, आणि फुटतं तेव्हा एकटं पाणी वेगळं होत नाही. पाणी आपल्याबरोबर इथेनॉललाही ओढून नेतं. टाकीच्या तळाशी, म्हणजे बरोबर जिथून इंजिनाकडे नळी जाते तिथे, पाणी-अल्कोहोलचा थर बसतो. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घटलेलं असतं, कारण ऑक्टेनचा काही भार इथेनॉलने उचललेला होता.

हे मी एकदा जमिनीवरच पाहिलं. पावसाळ्याचे दिवस होते. एका मायक्रोलाइटच्या मालकाने आदल्या संध्याकाळी पंपावरून दोन डबे भरून आणले होते. एका डब्याचं बूच नीट बसलेलं नव्हतं आणि रात्री पत्र्यावरून गळणारं पाणी त्यावर पडत होतं. पहिल्या डब्यातलं पेट्रोल कपात घेऊन तो म्हणाला, “सर, बघा, किती स्वच्छ आहे.” मी म्हटलं, “आता दुसऱ्याच्या तळातलं घ्या.” नळी तळाला टेकवून काढलं तर कपात खाली फिकट, सरबतासारखा गढूळ थर आणि वर पेट्रोल. ते पेट्रोल आम्ही उडवलं नाही. पण पहिला डबाही बरणीत घालून पाहिला, तेव्हा पाण्याचा थर तिशीच्या जवळ गेला. त्या गृहस्थांनी कसलीही हयगय केली नव्हती. गावात जे मिळतं ते त्यांनी आणलं होतं, आणि पंपावर दुसरं काही मिळत नव्हतं.

पाण्याखेरीज आणखी तीन गोष्टी. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याला जाळायला हवा कमी लागते. नव्या मोटारीचा संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. साध्या कार्ब्युरेटरच्या विमान-इंजिनाला ते कळत नाही. मिश्रण पातळ पडतं आणि सिलिंडर जास्त तापतो. दुसरं, जुन्या रबरी नळ्या, वॉशर, टाकीचे सीलंट, काही फायबरग्लासच्या टाक्यांमधली राळ, यांना इथेनॉल मऊ करतं किंवा फुगवतं. त्यातून सुटलेला चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. तिसरं, एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात कागदावर सात टक्क्यांच्या आसपास घट येते. दोन तासांच्या म्हणून भरलेल्या इंधनातली आठेक मिनिटं. धुक्यामुळे दुसऱ्या धावपट्टीकडे वळावं लागलं तर त्या आठ मिनिटांना किंमत असते.

४. इंजिन बनवणाऱ्याची मर्यादा दहा, पंपावर वीस

रोटॅक्सने ९१२ मालिकेसाठी जास्तीत जास्त दहा टक्के इथेनॉलला परवानगी दिली आहे. ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला किमान ९० रॉन ऑक्टेन लागतं, १०० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसला ९५. आपल्याकडे दहा टक्क्यांचं मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं गेलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे आणलं आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्के झाले. म्हणजे पंपावर जाऊन साधं पेट्रोल घेणारा मायक्रोलाइटचा मालक इंजिनाच्या पुस्तकाने घातलेल्या मर्यादेच्या दुपटीने इथेनॉल टाकीत ओततो आहे. त्याने नियम मोडायचं ठरवलेलं नाही. धोरण बदलताना या इंजिनांचा कोणी विचार केला नाही, एवढंच झालं.

५. ‘मग एव्हगॅस घाला’ हे उत्तर पुरत नाही

एव्हगॅस १०० एलएलमध्ये इथेनॉल नसतं, ऑक्टेन भरपूर असतं, ते वाफाळत कमी आणि टिकतं जास्त. २०२२ पर्यंत ते आपण पूर्णपणे बाहेरून आणत होतो. त्या वर्षी सप्टेंबरात इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं एव्हगॅस बाजारात आणलं. ही चांगली गोष्ट झाली आणि तिचं श्रेय द्यायला हवं.

पण नावातल्या ‘एलएल’चा अर्थ ‘कमी शिसे’ असा असला तरी ते कमी फक्त पूर्वीच्या विमान-पेट्रोलच्या तुलनेत. एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकतं. सेसना १७२ तासाला तीसेक लिटर जाळते, म्हणजे सोळा-सतरा ग्रॅमपर्यंत शिसे. सर्किट उडवणारी प्रशिक्षण-विमानं दिवसभर त्याच गावावरून, त्याच शाळेवरून चकरा मारत असतात. मोटारींच्या पेट्रोलमधून आपण २००० साली देशभर शिसे हद्दपार केलं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, त्यानेही २०२१ मध्ये केलं. विमानांचं राहून गेलं. अमेरिकेत हवेत सोडल्या जाणाऱ्या शिशाचा सुमारे सत्तर टक्के वाटा आता या छोट्या विमानांचा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने हे शिसे लोकांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचा अधिकृत निष्कर्ष काढला. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर १ जानेवारी २०२२ पासून शिशाच्या पेट्रोलची विक्रीच थांबली. २०३० च्या अखेरपर्यंत संपूर्ण देशातून ते काढायचं असं तिथलं उद्दिष्ट आहे.

हे शिसे मी हाताने काढलेलं आहे. सेसनाचा खालचा स्पार्क प्लग उघडला की त्याच्या तोंडाशी बारीक करडे मणी अडकलेले असतात, मोहरीएवढे, कधी ज्वारीएवढे. दाभणासारख्या टोच्याने ते टोकरून काढायचे, कागदावर घ्यायचे, प्लग साफ करून परत लावायचा. मणी मोठा झाला की ठिणगी पडत नाही आणि इंजिन एका सिलिंडरवर लंगडतं. सुरुवातीची काही वर्षं आम्ही ते मणी फुंकर मारून उडवत होतो आणि त्याच हाताने डबा खात होतो. कोणी सांगितलंच नव्हतं. आज नव्याने लागलेल्या हेल्पर पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, बाळा, हातमोजे घाल, फुंकर मारायची नाही, जेवायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धू.

रोटॅक्सला तर शिसे आणखी नकोसं. या इंजिनात तेच तेल गिअरबॉक्सलाही जातं. शिशाचा चिखल तेलाच्या टाकीत साचतो, म्हणून एव्हगॅस जास्त वापरलं तर तेल शंभर तासांऐवजी पन्नास तासांत बदलावं लागतं. म्हणजे मायक्रोलाइटवाल्यापुढे आज दोनच रस्ते आहेत. एकीकडे इथेनॉल, दुसरीकडे शिसे. तिसरा रस्ता तांत्रिकदृष्ट्या अगदी सरळ आहे, त्याकडे पुढे येतो.

६. उन्हाळा

मोटारीचं पेट्रोल एव्हगॅसपेक्षा लवकर वाफाळतं. नागपूर-गोंदियाकडे मे महिन्यात विमान उतरलं, इंजिन बंद केलं, विद्यार्थी बदलला आणि वीस मिनिटांत पुन्हा सुरू केलं, तर तापलेल्या झाकणाखाली नळीतच पेट्रोलची वाफ होऊन एअर लॉक धरू शकतो. म्हणून मोटारीच्या पेट्रोलवर उडणाऱ्या विमानाला उन्हाळ्यात वेगळी शिस्त लागते. झाकण उघडून इंजिन निवू द्यायचं, इंधन पंप चालू ठेवायचा, उड्डाणाआधी पूर्ण ताकदीवर पुरेसा वेळ तपासायचं. माझ्या मागणीतल्या पेट्रोललाही वाफेच्या दाबाची वरची मर्यादा लेखी ठरवलेली हवी, ती याचसाठी.

७. चुकीचं इंधन

भेसळ म्हटलं की आपल्याला बदमाश आठवतो. विमानतळावर बहुतेक वेळा ती घाईतून होते.

बॉब हूवर हे अमेरिकेतले विख्यात कसरतपटू वैमानिक. १९८९ मध्ये सॅन डिएगोजवळच्या ब्राउन फील्डवरून ते दोन प्रवाशांसह आपल्या श्राइक कमांडर विमानातून निघाले. विमान पेट्रोलवरचं, पण भरणाऱ्या तरुणाला ते टर्बोप्रॉप वाटलं आणि त्याने जेटचं इंधन भरलं. अशा वेळी नळ्यांमध्ये उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं, टॅक्सी होते, विमान उडतंही. मग काहीशे फुटांवर दोन्ही इंजिनं गेली. हूवर यांनी विमान दरीत उतरवलं आणि तिघेही वाचले. परत आल्यावर त्यांनी हादरलेल्या त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उद्या माझं दुसरं विमान तूच भरायचंस, असं सांगितलं. त्यांच्या मते एवढी चूक केलेला माणूस ती पुन्हा करणार नव्हता. पुढे त्यांच्या नावाचं नोझल आलं. जेटच्या इंधनाच्या नळीला बदकाच्या चोचीसारखं रुंद तोंड, आणि पेट्रोलच्या विमानाच्या टाकीचं तोंड इतकं लहान की ते त्यात शिरतच नाही.

आपल्याकडे या धोक्याला एक जास्तीचा पदर आहे. डायमंड डीए ४० हे प्रशिक्षणाचं विमान पेट्रोलच्या इंजिनासहही येतं आणि एटीएफवर चालणाऱ्या डिझेल पद्धतीच्या इंजिनासहही. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. एकाच एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरशीवर, ही दोन्ही आणि शेजारी सेसना उभी असेल, आणि संध्याकाळी अंधार पडत असताना हँडपंपाने ड्रममधून भरणं चाललेलं असेल, तर चोचीचं नोझल कामाला येत नाही. ड्रमच्या नळीला चोच नसते.

रंगावरही विसंबून राहता येत नाही. एव्हगॅस १०० एलएल निळं असतं. पण आपल्याकडे रेशनचं रॉकेलही निळंच रंगवलेलं असतं. निळ्या एव्हगॅसमध्ये एटीएफ मिसळलं तर रंग जरा फिका होतो, एवढंच. त्यापेक्षा पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. पेट्रोल उडून जातं, मागे डाग राहत नाही. रॉकेल किंवा एटीएफ असेल तर तेलकट कडं उरतं. ही चाचणी वाचकाला माहीत असेल. पंपावर फिल्टर पेपर मागून हीच चाचणी करून घेण्याचा स्कूटरवाल्यालाही हक्क आहे. विमानात बसणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला तो हक्क आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि मागितला तर ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं ऐकावं लागतं. मी स्वतः एका ठिकाणी हे ऐकलं आहे. इंधन तपासू देणं हा कुणाच्या मानापमानाचा विषय होता कामा नये.

८. प्रमाणपत्र असलं तरी नमुना ठेवा

१९९९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या मोबिलच्या अल्टोना रिफायनरीत बनलेल्या एव्हगॅसमध्ये एथिलीन डायअमीन नावाच्या रसायनाचा अगदी थोडा अंश उरला. प्रक्रियेत गंज टाळण्यासाठी ते वापरत. पितळी भागांशी संयोग होऊन त्याचा चिकट गाळ इंधनप्रणालीत जमू लागला. जानेवारी २००० मध्ये पूर्व ऑस्ट्रेलियातली सुमारे पाच हजार विमानं जमिनीवर बसवावी लागली. ते पेट्रोल ठरलेल्या चाचण्यांमधून रीतसर बाहेर पडलं होतं. जे शोधायचं असं ठरलेलंच नव्हतं, ते चाचणीत सापडणार कसं?

या प्रकरणाची सुरुवात झाली ती विमानाच्या आत गाळ पाहणाऱ्या मेकॅनिकांपासून. त्यांनी गाळ पुसून काम पुढे ढकललं असतं तर किती दिवस गेले असते कोण जाणे. म्हणून प्रत्येक टँकरमागे सीलबंद नमुना ठेवणं, तो ठरावीक काळ जपणं, आणि फिल्टरमध्ये अनोळखी काही दिसलं तर ते पिशवीत घालून तारीख लिहून ठेवणं, या गोष्टी छोट्या धावपट्टीवरही झाल्या पाहिजेत.

९. उसाच्या शेतकऱ्याशी हे भांडण नाही

हा मुद्दा महाराष्ट्रात लिहिताना टाळता येणार नाही, आणि मला टाळायचाही नाही. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात साखरेखेरीज पैसा आला, उसाचं बिल वेळेवर मिळायला मदत झाली. माझ्या घरच्यांनीही कारखान्याला ऊस घातलेला आहे. पण साऱ्या राज्यातली मायक्रोलाइट मिळून जेवढं पेट्रोल पितात, तेवढं एखाद्या वर्दळीच्या महामार्गावरचा पंप सहज खपवतो. ते इथेनॉलविना दिल्याने कोणत्याही कारखान्याच्या मळीचा भाव पैशानेही हलणार नाही.

इथेनॉलवर विमान उडूच शकत नाही, असंही माझं म्हणणं नाही. ब्राझीलमध्ये एम्ब्रेअरचं इपानेमा हे शेतात फवारणी करणारं विमान निव्वळ इथेनॉलवर उडतं. २००४ मध्ये त्याला तशी मान्यता मिळाली. पण त्याची इंधनप्रणाली इथेनॉलसाठी तयार केलेली आहे, चाचण्या इथेनॉलवर झालेल्या आहेत, आणि टाकीत काय आहे ते वैमानिकाला नेमकं ठाऊक असतं. उद्या आपल्याकडे कोणी तसं विमान बनवलं तर ते बघायला मी पहिल्या रांगेत उभा असेन.

१०. काय करायला हवं

तिसरा रस्ता तो हा. आपल्याकडे इथेनॉल मिसळलं जातं ते बहुतेक करून तेल कंपन्यांच्या डेपोंवर, टँकर पंपाकडे निघण्याच्या टप्प्यावर. म्हणजे लोणी काळभोर किंवा मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या ठिकाणी इथेनॉल न मिसळलेलं पेट्रोल आजही येतंच. धावपट्टीसाठी महिन्याला एखादा छोटा टँकर मिसळण्याआधीच वेगळा काढायला नवी रिफायनरी लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावीच लागेल. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं हे धरून मूळ पेट्रोल थोडं कमी ऑक्टेनचं ठेवलेलं असू शकतं. त्यामुळे ‘इथेनॉल नाही’ एवढं लिहून भागणार नाही. ऑक्टेन, वाफेचा दाब आणि शिसे नसल्याची खात्री, हे तिन्ही आकडे प्रत्येक टँकरच्या कागदावर हवेत.

मोटारींसाठी इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ती लाखो गाड्यांची आणि हजारो पंपांची गोष्ट होती. माझी मागणी मोजक्या धावपट्ट्यांची आहे, आणि तिच्यासाठी कोर्टात जायची वेळ यावी असं मला वाटत नाही. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएने मायक्रोलाइट आणि रोटॅक्सच्या विमानांसाठी इंधनाचं स्पष्ट मानक लिहावं. तेल कंपन्यांनी ते पेट्रोल वेगळ्या नावाने आणि वेगळ्या रंगाने द्यावं, म्हणजे ते पंपावरच्या पेट्रोलशी आणि एटीएफशी गल्लत न होता ओळखता येईल. ज्या धावपट्ट्या राज्याच्या ताब्यात आहेत तिथे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने सावलीत, पक्क्या बुडाची, निचऱ्याचा नळ असलेली एक छोटी टाकी बसवावी, म्हणजे गळक्या पत्र्याखालचे ड्रम आणि प्लॅस्टिकचे डबे जातील. प्लॅस्टिकच्या डब्यातून पेट्रोल ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, हा आणखी वेगळाच धोका.

हे होईपर्यंत ज्यांना उडायचंच आहे त्यांनी इंजिनाचं आणि विमानाचं, अशी दोन्ही पुस्तकं उघडून परवानगी कशाला आहे ते वाचावं. महाग पेट्रोलवर ‘शंभर ऑक्टेन’ लिहिलेलं दिसलं म्हणून त्यात इथेनॉल नाही असं धरू नये. दर खेपेला बरणी हलवावी. आकडा, तारीख, वेळ आणि सही विमानाच्या वहीत लिहावी, आणि ती वही विद्यार्थ्याच्या हातात द्यावी. पहिल्या एकट्या उड्डाणाला निघणाऱ्या मुलीने, “सर, बरणी मी हलवते,” असं म्हटलं तर तिच्या हातात बरणी द्यावी आणि पाणी खाली बसेपर्यंत दहा मिनिटं तिच्यासोबत खिडकीजवळ उभं राहावं.